चाकाखालचं विकत, चाकावरचं घरी

वाचकाचं पत्र:

"सप्रेम नमस्कार. मी रेल्वेत पॉइंट्समन होतो. सगळी नोकरी पूर्णा-अकोला मीटरगेजवर झाली. लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून रिंगीत गोळा घालून ड्रायव्हरला द्यायचो, गाडीचा रूळ बदलायचे सांधे लावायचो. २००८ साली ब्रॉडगेज झालं, त्याच्या आसपास रिटायर झालो. नात सातवीत आहे, तिला गाड्यांचं भारी वेड. तिच्या पुण्याच्या मामानं मोबाइलवर एका अमेरिकन ट्रेन सेटचं चित्र पाठवलंय आणि 'मागवून टाकू का' विचारतोय. नात म्हणते, तयार नको, किट आणा, मी जोडीन. जागा म्हणाल तर बैठकीतला सहा बाय चारचा दिवाण, तोही रात्री झोपायला लागतो. तयार गाडी घ्यावी का किट? रूळ कोणते? आणि आमची मीटरगेज कुठं मिळंल का?"
– एक निवृत्त पॉइंट्समन, वसमत (जि. हिंगोली)

काका, नमस्कार.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. मीटरगेजच हवी की कुठलीही गाडी चालेल, एवढं ठरलं की रूळ, बोर्ड, किट हे सगळं आपोआप ठरत जातं. आणि खरं सांगू का, तुमच्या पत्राचा सगळा जीव त्या एका प्रश्नात आहे.

खोक्यातून काढली आणि रुळावर ठेवली, अशी आपली मीटरगेज तयार मिळणं फार अवघड. भारतीय गाड्यांची मॉडेल्स आपल्याकडे छोटे उत्पादक करतात, पण ती बहुतेक ब्रॉडगेजची आणि एचओ मापातली. एचओ म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७व्या भागाएवढी. या मापाचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्याला ८७ नं गुणा, १४३५ येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेचा स्टँडर्ड गेज. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर लागतील. तरी सगळे जण साडेसोळाच्याच रुळावर भारतीय गाड्या चालवतात, कारण तेच रूळ बाजारात आहेत. इतरांना तो फरक दिसत नाही. तुम्हाला दिसेल, पहिल्याच दिवशी.

पण मीटरगेजला एक वाट आहे, आणि ती तुमच्या दिवाणावर मावते. एचओपेक्षा लहान एक माप आहे, एन. तो खऱ्याचा १६० वा भाग आणि त्याचे रूळ ९ मिलिमीटरचे. जगभर भरपूर खपतं, म्हणून रूळ, सांधे, इंजिनं सगळं मिळतं. या दोन्हींच्या मधलं माप टीटी, १२० वा भाग. आता ९ ला १२० नं गुणा. १०८०. मीटरगेज १००० चा. मॉडेलवर हा फरक पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे एनचे रूळ आणि एनची चाकं विकत घ्यायची आणि त्यावर १२०व्या भागाचे डबे घरी करून बसवायचे. झाली मीटरगेज. युरोपातले लोक त्यांच्या डोंगरातल्या मीटरगेज गाड्या या मापात अशाच करतात.

म्हणून 'तयार का किट' याला माझं उत्तर असं: जे फिरतं आणि ज्यातून वीज वाहते ते सगळं तयार घ्या. रूळ, सांधे, इंजिनाची चासी, मोटर, डब्यांच्या बोग्या (म्हणजे डब्याखालचे चाकांचे संच), भिंतीतली वीज रुळाला देणारा पॉवरपॅक. जे नुसतं दिसतं ते घरी करा. डब्यांचे सांगाडे, स्टेशन, केबिन, फलाट, झाडं. नातीचा हट्ट बरोबरच आहे, फक्त तो चाकाच्या वर चालवायचा. इंजिनाची किटं पितळी पत्र्याची नाहीतर पांढऱ्या धातूची येतात. त्यांना बारीक सोल्डरिंग लागतं, गिअर केसभर सरकला तरी गाडी अडखळते. सातवीतल्या पोरीनं तिथून सुरुवात केली तर तिचा हिरमोड होईल आणि खोकं माळ्यावर जाईल. आधी गाडी धावली पाहिजे. धावणारी गाडी डोळ्यांपुढे असली की मूल त्या गाडीसाठी महिनाभर फलाट घासत बसतं.

आता मामाचा अमेरिकन सेट. तो घेण्याआधी एक गोष्ट तपासायला सांगा, आणि ही हयगय करायची गोष्ट नाही. अमेरिकेत विकायच्या सेटचा पॉवरपॅक १२० व्होल्टचा असतो, जपानच्या सेटचा १०० व्होल्टचा. आपल्या भिंतीत २३०. पिना बदलायचा अडॅप्टर लावून तो तसाच खोचला तर पॅक जळतो, आणि पोरीचा हात त्यावर असेल तर नुसता पॅक जळण्यावर थांबेल असं नाही. पॅकच्या पाठीवर 'इनपुट १००-२४०' असं छापलेलं असेल तरच तो लावा. नसेल तर तो पॅक बाजूला ठेवा आणि आपल्या विजेवर चालणारा, १२ व्होल्ट डीसी देणारा कंट्रोलर वेगळा घ्या. रुळात जातात ते १२ व्होल्टच, त्याला हात लागला तरी धोका नाही.

सेटमधले डबे-बिबे मोजत बसू नका, इंजिन बघा. सहा आसांचं डिझेल इंजिन हवं, दोन बोग्या, प्रत्येकी तीन आस. तुमच्या लाइनवर मीनाक्षी एक्स्प्रेस ओढणारी वायडीएम-४ तशीच होती आणि ती मुळात अमेरिकेच्या अल्को कंपनीची. पहिली इंजिनं १९६१ मध्ये तिकडून आली, पुढं वाराणसीला बनली. त्यामुळं एन मापातल्या अमेरिकन सहा-आसी चासीवर तिचा सांगाडा शोभतो. डब्यांचं तर आणखी छान जमतं. अमेरिकेचा ८५ फुटी प्रवासी डबा एनमध्ये सव्वासोळा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. आपला मीटरगेजचा लांब डबा साडेएकोणीस मीटरचा, १२० नं भागला की तोही तेवढाच. म्हणजे तयार डबा घ्यायचा, वरचं खोकं उतरवायचं आणि त्याच चासीवर आपलं बसवायचं. केटो, बाखमन, अ‍ॅटलस यांची इंजिनं दमदार असतात. स्वस्तातलं अनोळखी इंजिन घेऊ नका. पैसे वाचवायचे तर डबे कमी घ्या.

घाई मात्र नको. पहिलं वर्ष तो अमेरिकन सांगाडा तसाच पळू द्या. चासी उघडायची, सांगाडा मापायचा, हे पोरीचा हात बसल्यावर. फक्त स्टेशन, केबिन, माणसं, झाडं पहिल्या दिवसापासून १२०व्या मापात करा, म्हणजे पुढं काही मोडावं लागणार नाही. तोवर गाडी स्टेशनपेक्षा जरा लहान दिसेल, दिसू द्या.

बोर्ड सहा बाय चारचा करू नका. तो उचलताना तुमची पाठ जाईल. सहा बाय अडीच पुरे. नऊ मिलिमीटरचं प्लायवूड आणि खालून एक बाय दोन इंची लाकडी पट्ट्यांची चौकट, मध्ये दोन आडव्या. सुताराला पट्ट्या उभ्या ठेवायला सांगा, आडव्या ठेवल्या तर बोर्डाला पोक येतो. दिवसा दिवाणावर, रात्री भिंतीला उभा. उभा करायचाय म्हणून रेल्वेचं सगळं सामान पक्कं हवं आणि गाड्या मात्र काढून खोक्यात. वळणाची त्रिज्या ३० सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका, सोळा सेंटिमीटरचे डबे त्याहून आवळ वळणावर एकमेकांना खेटतात. एवढी वळणं काढून मधे साधारण साडेतीन फूट सरळ उरतं. दोन सांधे टाकून तिथं लूप, म्हणजे गाडी बाजूला उभी करायची जोडलाइन, काढला तर इंजिन आणि तीन डबे आत आरामात उभे राहतात.

आणि आता ज्यासाठी हे सगळं करायचं ते. एक गोल टाकला, गाडी फिरत राहिली, तर आठवड्यात कंटाळा येतो, मुलांनाही आणि मोठ्यांनाही. तुमच्याकडे जे आहे ते कुठल्याही सेटच्या खोक्यात मिळत नाही: सिंगल लाइन कशी चालवतात ते ज्ञान. बोर्डावर लंबगोल लाइन, पुढच्या बाजूला स्टेशन आणि लूप, मागच्या बाजूला तसाच दुसरा लूप. मागचे आठ-नऊ इंच सोडून एक उभा पडदा लावा, त्यावर माळरान नि आभाळ रंगवा, म्हणजे मागचा लूप दिसणार नाही. ते तुमचं 'पुढचं स्टेशन'. मग क्रॉसिंग घालता येतं, म्हणजे एक गाडी थांबवून समोरून येणारीला वाट देता येते.

साध्या डीसी विजेवर दोन गाड्या एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांना जात नाहीत, पण क्रॉसिंगला त्याची गरजच नाही. एक पॅसेंजर येऊन पुढच्या लूपमध्ये उभी राहिली. दोन्ही टोकांचे सांधे मेन लाइनला लावले, लूपची वीज बंद. आता कंट्रोलरची दिशा उलटी केली, मागच्या लूपचे सांधे उघडले, तिथली मालगाडी उलट्या बाजूनं निघाली आणि मेन लाइननं धडधडत स्टेशन पार करून गेली. तिला मागच्या लूपमध्ये घेतलं, पुन्हा दिशा बदलली, पॅसेंजरला रस्ता दिला. सांधा ज्या बाजूला लागलाय तिकडेच वीज जाणं, यावर हा सगळा खेळ आहे. सगळ्या सांध्यांना ते जमत नाही, म्हणून घेताना 'पॉवर रूटिंग' आहे का ते विचारा. नसेल तर लूपच्या दोन्ही टोकांना एका बाजूच्या रुळात प्लास्टिकचा जोड टाका आणि लूपला वीज वेगळ्या वायरीनं, घंटीच्या साध्या बटणासारखं नाही तर चालू-बंद राहणारं बटण लावून द्या.

सांधे हातानं चालणारेच घ्या. मोटरचे नकोत. चौकटीतून सायकलचा स्पोक काढून सांध्याला जोडला की बोर्डाच्या कडेवरून ओढता-ढकलता येतो, आणि लीव्हर ओढल्याचा तो हाताला येणारा झटका पोरीला कळला पाहिजे. नियम एकच ठेवा: गोळ्याशिवाय गाडी सोडायची नाही. मोठी गोटी घ्या, एकच. ती ज्याच्या हातात त्याचीच गाडी लाइनवर. तुम्ही मागचे स्टेशन मास्तर, ती पुढची. लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, द्यायची, वहीत वेळ लिहायची. हे तुम्ही नाही शिकवलं तर तिला दुसरं कोण शिकवणार? डिजिटल कंट्रोलवर दोन गाड्या एकाच वेळी हव्या तशा पळवता येतात हे खरं, पण ते आत्ता नको. त्यात पैसेही जातात आणि सांधेवाल्याचं कामही जातं.

आता तिचं किट. पहिलं किट चार चाकी बंद वॅगनचं असू द्या, पेको कंपनीची एन मापातली प्लास्टिक किटं मिळतात. भाग फ्रेमवरून पिरगाळून तोडायचे नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बारीक साइड कटर मिळतो, त्यानं फ्रेमच्या बाजूला थोडं ठेवून कापायचं आणि उरलेला खुंट ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचा. फेव्हिक्विक वापरू नका. त्याच्या वाफेनं प्लास्टिकवर पांढुरकं सावट येतं आणि जोड कडक पण ठिसूळ होतो. पॉलिस्टायरिनचं पातळ सिमेंट घ्या. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, सिमेंट आपणहून फटीत धावतं. खिडकी उघडी ठेवा, वास डोक्यात जातो.

चासी जोडली की सिमेंट वाळायच्या आत ती आरशावर ठेवायला सांगा. चारही चाकं काचेला टेकली पाहिजेत. कोपऱ्यावर बोट ठेवून बघायचं. वॅगन डगडगली तर तिथल्या तिथं हलक्या हातानं सरळ करायची. वाळल्यावर काही करता येत नाही, आणि अशी एक चाक उचललेली वॅगन प्रत्येक सांध्यावर उतरते. मग पोटात एक-दोन छोटे नट चिकटवा, सगळी मिळून १५ ते २० ग्रॅम भरू द्या. हलकी वॅगन वळणावर आतल्या बाजूला ओढली जाऊन पडते. आणखी एक: अमेरिकन इंजिनाचं कपलिंग मुठीसारखं असतं, किटातलं आकड्याचं. ते एकमेकांत अडकत नाही. घेतानाच एका जातीची मागवा, नाहीतर जोडलेली वॅगन इंजिनाकडे नुसती बघत बसेल.

स्टेशनचं किट मात्र घेऊ नका. परदेशी किटातलं स्टेशन कितीही सुबक असलं तरी त्याला बर्फासाठी उतरतं छप्पर असतं. तुमचं स्टेशन तुमच्या डोळ्यांपुढे आहे. सात फुटी दार १२०व्या मापात पावणेअठरा मिलिमीटर भरतं. ते एक माप धरून बाकी सगळं काढा: मास्तरांची खोली, तिकिटाची खिडकी, माठ ठेवायचं बाकडं. पोरीला तुम्ही तोंडानं सांगा, ती आयव्हरी कार्डावर काढून कापेल. मालधक्क्यावर हळदीची पोती ठेवा, वसमतचं स्टेशन हळदीशिवाय कसं होईल? पोती कापडाचे तुकडे गुंडाळून करा, आत धान्य भरू नका, पोरकिडे होतात. कडुलिंबासाठी वाळलेल्या पऱ्हाटीचे बारीक फाटे घ्या, त्यांची फांद्यांची ठेवण या मापात अगदी झाडासारखी असते.

रुळाखालची खडी विकत आणायची गरज नाही. खऱ्या लाइनची खडी ५० ते ६५ मिलिमीटरची, १२०व्या मापात ती अर्धा मिलिमीटर होते. म्हणजे खडी क्रशरवरचा काळा कच रव्याच्या चाळणीनं चाळला की आपल्याच दगडाची खडी तयार. पण चाळल्यावर एक काम केल्याशिवाय ती बोर्डावर टाकू नका. कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घालून त्यावरून फिरवा. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट असतं. बारीक काळे कण सरसर उठून पिशवीला चिकटतात. पिशवी उलटी करून ते टाकून द्या, पुन्हा फिरवा, काही उठेनासं होईपर्यंत. हे कण रुळावर राहिले तर इंजिनाच्या मोटरीतलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि महागाची मोटर आतून घासली जाते. मग खडी ब्रशनं बसवा, पाण्याचा बारीक फवारा मारा आणि निम्मं फेव्हिकॉल, निम्मं पाणी, वर भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब असं ड्रॉपरनं सोडा. सांध्याच्या हलणाऱ्या पट्ट्यांपासून लांब. आणि हे सगळं गाडी महिनाभर बिनतक्रार धावल्यावरच. चिकटवलेली लाइन उकरणं फार जिवावर येतं.

देखभालीचं थोडक्यात. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या, लोखंडी रूळ पावसाळ्यात गंजतात. धूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडकं. पॉलिश पेपर रुळाला कधीच लावू नका, ओरखड्यांत पुढची धूळ बसते. इंजिनाला तेल सुईच्या टोकावर येईल तेवढंच आणि प्लास्टिकला चालणारं. खोबरेल नको, ते थंडीत गोठतं. बोर्ड पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, मे महिन्यात प्लायवूड आणि प्लास्टिक दोन्ही वाकतात.

जमलं तर प्लायवूड आणण्याआधी नातीला घेऊन मामाकडे जा आणि कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय दाखवा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे आणि तिथं एचओ मापातलं सगळं शहर चालताना दिसतं. तिला सांगा, गाड्या पाच मिनिटं बघ आणि उरलेला वेळ सांधे आणि सिग्नल बघ.

मामाला आत्ता एवढंच आणायला सांगा: एनचे लंबगोलाचे रूळ, हातानं चालणारे दोन सांधे, एक सहा-आसी डिझेल इंजिन, आपल्या विजेवरचा कंट्रोलर, एक वॅगनचं किट आणि त्याचं सिमेंट. मागच्या लूपचे दोन सांधे दिवाळीला. रूळ हातात आले की ते प्लायवूडवर नुसते मांडा, कडेनं पेन्सिल फिरवा, दोघांनी मिळून स्टेशनची जागा ठरवा, आणि त्या पेन्सिलच्या नकाशाचा फोटो मला पाठवा. सुताराला करवत चालवायला त्यानंतर सांगू.